म्हाताऱ्या कुत्र्या-मांजरांचे दात: कोणतं सामान घ्यावं, कोणतं दुकानातच राहू द्यावं

कुत्रा दहा-अकरा वर्षांचा झाला किंवा मांजर चौदाव्या वर्षात आलं, की त्याच्या तोंडाचा वास घरात सगळ्यांना जाणवू लागतो आणि मग खरेदी सुरू होते. ब्रश, पेस्ट, पाण्यात मिसळायचं द्रावण, डेंटल स्टिक, शेवाळाची पूड, दातांसाठीचं खास खाद्य असं बरंच काही घरी येतं. यातलं थोडं खरोखर उपयोगाचं आहे. बरंचसं चुकीच्या वेळी वापरल्यामुळे वाया जातं. काही गोष्टी तर वयस्क प्राण्याला थेट अपाय करतात. तरुण प्राण्याच्या हिशेबाने केलेली शिफारस इथे चालत नाही, कारण म्हाताऱ्या प्राण्याला दातांच्या जोडीला बहुधा मूत्रपिंड, हृदय, थायरॉइड किंवा सांध्यांचं दुखणंही असतं.

सामान पारखण्याआधी पाकिटावर काय पाहायचं ते सांगतो. व्हीओएचसी, म्हणजे व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिल, ही संस्था 1997 पासून दातांच्या उत्पादनांना मान्यतेचा शिक्का देते. चाचण्या कंपनीच करते आणि संस्था त्यांचे आकडे तपासते. दोन स्वतंत्र चाचण्यांमध्ये मिळून थर सरासरी 20 टक्के आणि प्रत्येक चाचणीत किमान 15 टक्के कमी झालेला दिसला, तरच शिक्का मिळतो. हा शिक्का प्लाकसाठी वेगळा आणि टार्टरसाठी वेगळा असतो, ही गोष्ट फार थोडे लोक वाचतात. प्लाक म्हणजे दातावरचा जिवाणूंचा मऊ, चिकट थर. तो काही तासांत तयार होतो आणि दोन-तीन दिवसांत लाळेतल्या क्षारांनी कडक होऊन टार्टर बनतो. हिरडीचा आजार प्लाकमुळे होतो, टार्टर फक्त त्याला बसायला खडबडीत जागा देतो. त्यामुळे दोन उत्पादनांतून एक निवडायचं असेल, तर प्लाकचा शिक्का असलेलं घ्यावं.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की या चाचण्या बहुतेक वेळा दात पूर्ण स्वच्छ करून मग सुरू केल्या जातात. 20 टक्क्यांचा तो फायदा स्वच्छ तोंडात मिळालेला असतो. तपकिरी कवच चढलेल्या, हिरडी सुजलेल्या बारा वर्षांच्या तोंडात तीच स्टिक दिली, तर पाकिटावरच्या दाव्याला अर्थ उरत नाही. म्हणून या परीक्षणाचा क्रम दुकानातल्या मांडणीपेक्षा उलटा आहे.

भुलीखालची सफाई: पहिला खर्च इथे

कुत्र्याला 42 आणि मांजराला 30 दात असतात. प्रत्येक दाताचा मोठा भाग हिरडीखाली आणि हाडात असतो. आजारही तिथेच वाढतो. जागं असलेलं जनावर हिरडीखाली सळई घालू देत नाही, त्यामुळे भुलीला पर्याय नाही.

चांगल्या दवाखान्यात सफाईच्या आधी रक्त तपासतात. पेशींची मोजणी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि युरिया, यकृताचे आकडे, साखर, शिवाय वयस्क मांजरात टी-4 (थायरॉइडचं संप्रेरक) आणि रक्तदाब. लघवीची घनताही हवी, कारण मूत्रपिंड बिघडायला लागलं की ती बऱ्याचदा क्रिएटिनिनच्या आधी खाली येते. हृदयात कुरकुर (ठोक्यांबरोबरचा जादा आवाज) ऐकू आली, तर आधी हृदयाचा तपास व्हावा. लहान जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत डाव्या बाजूची झडप गळणं फार नेहमीचं आहे. ती गळती असूनही भूल देता येते, फक्त सलाइनचा वेग आणि औषधांची निवड बदलावी लागते.

टेबलावर काय असावं, हे विचारायला संकोच करू नये. श्वासनलिकेत फुगा असलेली नळी हवी, नाहीतर स्केलरचं (टार्टर काढणाऱ्या यंत्राचं) पाणी आणि जिवाणू फुप्फुसात जातात. सलाइन चालू हवं. ऑक्सिजन, रक्तदाब, ईसीजी आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड हे सगळं सतत पाहणारा एक माणूस हवा, आणि तो दात साफ करणाऱ्यापेक्षा वेगळा हवा. तोंडात सतत थंड पाणी फिरतं, त्यामुळे छोटा कुत्रा आणि मांजर लवकर गार पडतात. गरम हवेचं पांघरूण नसेल, तर शुद्धीवर यायला उशीर लागतो. सांधे दुखणाऱ्या प्राण्याच्या खाली जाड गादी हवी. मांजराच्या बाबतीत आणखी एक प्रश्न नक्की विचारावा: तोंड उघडं ठेवायला स्प्रिंगचं साधन वापरता का? जबडा ताणून ठेवला, की मेंदू आणि डोळ्यांकडे जाणारा रक्तप्रवाह दबतो आणि शुद्धीवर आल्यावर मांजर आंधळं झाल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत. ‘वापरतो’ असं उत्तर आलं, तर दुसरा दवाखाना शोधावा.

पूर्ण तोंडाचे एक्स-रे नसलेली सफाई अपुरी समजावी. मांजरांत दाताचं मूळ विरघळण्याचा आजार फार आढळतो. वरून दात जवळपास ठीक दिसतो, फार तर हिरडीजवळ लालसर ठिपका असतो, पण आत मूळ पोखरलेलं असतं आणि ते खूप दुखतं. छोट्या कुत्र्यांत खालच्या पहिल्या मोठ्या दाढेभोवतीचं हाड इतकं झिजलेलं असू शकतं, की दाढ उपटताना जबडाच मोडेल. हे आधी कळायला एक्स-रेच लागतो. त्यानंतर सळईने प्रत्येक दाताभोवतीची खोली मोजतात. कुत्र्यात 3 मिलिमीटरपर्यंत आणि मांजरात 1 मिलिमीटरपर्यंत खोली ठीक धरतात. दाताचा निम्म्याहून जास्त आधार गेला असेल, तर तो दात काढणंच हिताचं. शेवटी पॉलिश झालंच पाहिजे, नाहीतर स्केलिंगचे बारीक ओरखडे राहतात आणि नवा थर आणखी पटकन चिकटतो.

भुलीची भीती रास्त आहे, पण ती नेमकी कुठे बाळगायची ते आकडे सांगतात. ब्रिटनमध्ये हजारो प्राण्यांवर झालेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भुलीशी संबंधित मृत्यूचं प्रमाण कुत्र्यांत सुमारे 0.17 टक्के आणि मांजरांत 0.24 टक्के होतं. आजारी प्राण्यांत ते दोन्हींत सव्वा ते दीड टक्क्याच्या दरम्यान गेलं. म्हणजे धोका वयापेक्षा न तपासलेल्या आजाराचा जास्त आहे. त्याच अभ्यासात मृत्यूंचा मोठा भाग ऑपरेशन संपल्यानंतरचा होता, आणि त्यातलेही बरेचसे पहिल्या तीन तासांतले. त्यामुळे ‘भूल कोण देणार’ या प्रश्नाइतकाच ‘नंतरचे तीन तास शेजारी कोण बसणार’ हा प्रश्न मोलाचा आहे. काम फार असेल, तर एकाच दिवशी सगळं उरकण्यापेक्षा काही आठवड्यांच्या अंतराने दोन बैठका घेणारा डॉक्टर आम्हाला जास्त विश्वासाचा वाटतो.

भूल न देता दात ‘पांढरे’ करून देणाऱ्या सेवेला आमच्याकडून शून्य. अमेरिकन व्हेटरनरी डेंटल कॉलेज या पशुदंततज्ज्ञांच्या संस्थेची भूमिका तिच्या विरोधात आहे आणि अमेरिकन अ‍ॅनिमल हॉस्पिटल असोसिएशनच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. वरचं कवच निघतं, हिरडीखालची घाण तशीच राहते आणि मालकाला वाटतं की काम झालं. पुढचं वर्षभर आजार त्या पांढऱ्या दातांच्या आड वाढत राहतो. शिवाय म्हाताऱ्या, मान आखडलेल्या प्राण्याला अर्धा तास दाबून धरणं हा छळ आहे.

ब्रश आणि पेस्ट: घरच्या सामानात पहिला नंबर

सफाई झाल्यावर घरी करायच्या गोष्टींत ब्रशच्या जवळपासही दुसरं काही येत नाही. रोज केला तर उत्तम, दिवसाआड केला तर बरा. आठवड्यातून एकदा केला, तर तोवर टार्टर बसून गेलेलं असतं आणि ते ब्रशने निघत नाही.

ब्रशचे केस मऊ हवेत. मध्यम आणि मोठ्या कुत्र्याला लहान मुलांचा मऊ ब्रश छान चालतो. मांजराला आणि तीन-चार किलोच्या कुत्र्याला अगदी छोट्या डोक्याचा ब्रश लागतो, कारण मोठं डोकं गालात शिरतच नाही आणि हिरडीवर आदळतं. बोटावर चढवायचे सिलिकॉनचे ब्रश सवय लावायला ठीक आहेत. पण त्यांचे दाणे जाड असतात, हिरडीच्या कडेला जी बारीक खाच असते तिथे ते पोचत नाहीत. दोन्ही टोकांना डोकी असलेले लांब ब्रश सुटसुटीत दिसतात, मात्र वापरताना मागचं टोक आपल्याच हाताला अडतं.

पेस्टमध्ये व्हिरबॅक कंपनीची सी.ई.टी. ही बरीच वर्षं टिकून असलेली निवड आहे. तिच्यात ग्लुकोज ऑक्सिडेज आणि लॅक्टोपेरॉक्सिडेज ही एन्झाइम्स असतात, फेस होत नाही, गिळली तरी चालते. एन्झाइमचा वाटा किती आणि ब्रशच्या घासण्याचा किती, असं विचाराल तर आमच्या मते घासण्याचा फार मोठा. पेस्टचं खरं काम चव देणं आहे, आणि कोंबडीच्या चवीची पेस्ट ते काम चोख करते. पुदिन्याच्या चवीची माणसाला आवडते, मांजर तिच्यापासून पळतं. कुत्र्याला मटाराएवढी पेस्ट पुरे, मांजराला त्याच्या निम्मी. पेस्ट केसांच्या आत दाबून बसवावी, नाहीतर पहिल्याच चाटण्यात ती संपते.

माणसांची पेस्ट कधीच वापरू नये. तिच्यात फ्लोराइड आणि फेस आणणारी द्रव्यं असतात, जनावराला चूळ भरता येत नाही, सगळं पोटात जातं. तिच्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असेल, तर कुत्र्याची साखर झपाट्याने खाली येते आणि यकृतही निकामी होऊ शकतं. हाच पदार्थ ‘बर्च शुगर’ या नावानेही लिहिलेला असतो.

ब्रश हिरडीच्या रेषेवर 45 अंशांत तिरका धरून छोटे गोल फिरवायचे. फक्त दातांच्या बाहेरच्या, गालाकडच्या बाजू घासायच्या. आतली बाजू जीभ बऱ्यापैकी साफ ठेवते. सुरुवात वरच्या मागच्या मोठ्या दाढेपासून करावी, कारण गालातल्या लाळग्रंथीची नळी तिच्याजवळच उघडते आणि टार्टर सर्वात आधी तिथे जमतं. कुत्र्याचा संयम संपला, तरी तेवढी दाढ झालेली असते. मग सुळे, मग बाकीचे. एका बाजूला तीस सेकंद पुरतात. तोंड उघडायची गरजच नाही, ओठ वर उचलला की झालं.

म्हाताऱ्या प्राण्याच्या बाबतीत दोन फरक करावे लागतात. मान आखडलेली असते, म्हणून डोकं वर न उचलता शेजारी बसून घासावं. नजर आणि ऐकणं मंदावलेलं असतं, म्हणून आधी खांद्यावर हात ठेवून मग तोंडाकडे यावं, समोरून एकदम ब्रश आणू नये. सवय लावायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिले काही दिवस फक्त बोटावरची पेस्ट चाटू द्यावी, मग बोट हिरडीवरून फिरवावं, मग बोटाला गुंडाळलेलं गॉजचं फडकं आणि सर्वात शेवटी ब्रश. या कामात सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे दुखऱ्या तोंडात ब्रश सुरू करणं. दुखलं, की जनावर ब्रशचा संबंध दुखण्याशी जोडतं आणि पुढे तोंडाला हातच लावू देत नाही. थोडी सुजलेली हिरडी पहिल्या दिवसांत जरा रक्त सोडते. रोज घासूनही दोन आठवड्यांनंतर रक्त येत असेल, तर आत काहीतरी आहे, डॉक्टरला दाखवावं.

चघळायच्या वस्तू आणि दातांचं खाद्य

ग्रीनीज ही व्हीओएचसीचा शिक्का असलेली आणि कुत्र्यांना आवडणारी स्टिक आहे. चघळली तर काम करते. अडचण तिथेच आहे: अधाशी कुत्रा दोन घासांत तुकडे गिळतो, आणि दात गमावलेला म्हातारा कुत्रा चघळूच शकत नाही. वजनाप्रमाणेच आकार घ्यावा आणि ती संपेपर्यंत शेजारी उभं राहावं. कॅलरीही मोजाव्यात. 11 ते 22 किलोच्या कुत्र्यासाठीची एक स्टिक सुमारे 90 कॅलरीची असते. नसबंदी झालेल्या, कमी हालचाल असलेल्या 12 किलोच्या वयस्क कुत्र्याची दिवसाची गरज साधारण 550 कॅलरी धरली, तर एकट्या स्टिकमध्ये सोळा टक्के गेले, आणि वरखाण्याची मर्यादा दहा टक्क्यांची आहे. रोज द्यायची असेल, तर जेवण तेवढं कमी करावं. आधीच सांधे दुखणाऱ्या कुत्र्याचं वजन वाढू देणं परवडत नाही. मूत्रपिंडाच्या खास आहारावर असलेल्या प्राण्याला कोणतीही स्टिक विचारल्याशिवाय देऊ नये, त्यात प्रथिनं आणि फॉस्फरस असतं.

हिल्सचं टी/डी हे खाद्य हुशारीने बनवलेलं आहे. दाणा मोठा असतो आणि त्यातले तंतू असे मांडलेले असतात, की दात आत रुतेपर्यंत दाणा फुटत नाही आणि कडा घासल्या जातात. रोजचं मुख्य जेवण म्हणून दिलं तर फायदा दिसतो, साध्या खाद्यात मूठभर मिसळलं तर तो घटतो. मूत्रपिंडाचा, हृदयाचा किंवा साखरेचा आहार चालू असेल, तर तो सोडून याकडे वळू नये. अशा वेळी दातांसाठी ब्रशवरच भर द्यावा. दाढा काढलेल्या प्राण्याला या दाण्याचा उपयोग नाही.

शिंग, खूर, कडक नायलॉन आणि हाडं यांना आमचा ठाम नकार. वरची मोठी दाढ यांनी उभी चिरते, आतली नस उघडी पडते, आणि कुत्रा तरीही जेवत राहतो, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. वस्तूवर नखाने दाब द्यावा. नख उमटलं नाही, तर ती दातासाठी फार कडक आहे.

पूड, पाणी, पुसण्या

प्रोडेन प्लाकऑफ ही अ‍ॅस्कोफायलम नोडोसम या समुद्री शेवाळाची पूड आहे. जेवणावर भुरभुरायची, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. ब्रश अजिबात न करू देणाऱ्या प्राण्यासाठी हा बरा आधार आहे. पण शेवाळात आयोडीन असतं, आणि वयस्क मांजरांत थायरॉइड वाढणं नेहमीचं आहे. थायरॉइडचा उपचार चालू असलेल्या प्राण्याला ही पूड देऊ नये. दहा वर्षांवरच्या मांजराचं टी-4 तपासल्याशिवाय तर ती सुरूच करू नये.

पाण्यात मिसळायच्या द्रावणांपैकी थोड्यांनाच मान्यता आहे, हेल्दीमाउथ त्यातलं एक. बाकी बरीचशी वास झाकतात. मूत्रपिंड कमजोर झालेलं मांजर चवीमुळे पाणी कमी प्यायलं, तर दातांच्या फायद्यापेक्षा नुकसान कितीतरी मोठं. वापरायचंच असेल, तर शेजारी साध्या पाण्याचं भांडं ठेवावं आणि आठवडाभर पाणी मोजावं. झायलिटॉलसाठी इथेही लेबल वाचावं.

पुसायच्या वाइप्स ब्रशच्या खालोखाल. हिरडीच्या खाचेत त्या पोचत नाहीत, पण थोडेच दात उरलेल्या म्हाताऱ्या मांजराला त्या सोसतात. 0.12 टक्के क्लोरहेक्सिडिन जिवाणू चांगलं मारतं, मात्र चव कडू आणि दीर्घ वापरात दातांवर तपकिरी डाग पडतात. सफाईनंतर डॉक्टर सांगतील तेवढे दिवसच ते वापरावं.

टी-ट्री तेल आणि लवंगतेल असलेली ‘नैसर्गिक’ मिश्रणं मांजराच्या घरात आणूच नयेत, मांजराच्या यकृताला ती नीट पचवता येत नाहीत. खायचा सोडाही नको, त्यातलं सोडियम हृदय आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला बाधतं. घरी विकत घेतलेला अल्ट्रासॉनिक स्केलर हा भुलीविना सफाईचाच घरगुती प्रकार आहे. दुखतंय म्हणून माणसांची गोळी देणं तर प्राणघातक आहे: पॅरासिटामॉल मांजराला मारतं, आयब्युप्रोफेन कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड बिघडवतं.

सामान बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा तो कधी? घास एकाच बाजूने चावला जातोय, दाणे तोंडातून पडतायत, मांजर भांड्याजवळ येऊन फिस्कारून मागे फिरतंय, जबडा थरथरतोय, अंग चाटणं बंद झालंय, तेव्हा. एकाच नाकपुडीतून स्राव आणि शिंका असतील, तर वरच्या सुळ्याच्या मुळाशी नाकापर्यंत भोक पडलेलं असू शकतं. एकाच बाजूला सूज आणि अचानक हलणारे दात दिसले, तर आठवडाभरही थांबू नये, या वयात तोंडातल्या गाठी घातक निघतात. नुसती अँटिबायोटिक देऊन पाठवलं, तर वास आठ-दहा दिवस जातो आणि परत येतो, कारण दात आणि थर दोन्ही जागेवरच असतात.

दात काढल्यावर दहा ते चौदा दिवस मऊ, कोमट, भिजवलेलं जेवण द्यावं आणि टाक्यांच्या जागी ब्रश लावू नये. त्या काळात खेळण्याची ओढाताण आणि स्टिक बंद. बहुतेक टाके आपोआप विरघळतात. मांजराला डॉक्सिसायक्लिन किंवा क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकची गोळी दिली असेल, तर ती कोरडी गिळू देऊ नये. मागोमाग पाच-सहा मिलिलिटर पाणी किंवा थोडं ओलं खाद्य द्यावं, कारण अन्ननलिकेत अडकलेली गोळी तिथे जखम करते. टाके भरले की आधी उरलेल्या दातांवर गॉज, मग नवा मऊ ब्रश. केस वाकले, की तो लगेच बदलावा. सहा महिन्यांनी तोंडाची तपासणी आणि रक्त-लघवी एकाच भेटीत करून घ्यावी.